दुसऱ्या कंपनीचं विमान

अराबा टीचरच्या नाटकात मेंढ्याला एकही वाक्य नव्हतं, पण दरवर्षी सगळ्यात जास्त टाळ्या तोच घ्यायचा. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कागद बनवणाऱ्या दोघा भावांनी गरम हवेचा भलाथोरला फुगा आकाशात सोडला, तेव्हा खालच्या पिंजऱ्यात माणूस बसवायची कुणाची छाती झाली नाही. एक मेंढा, एक बदक आणि एक कोंबडा बसवला. सहावीतली पोरं हा प्रवेश करायची तेव्हा मेंढा खरा असायचा, बदक खरं असायचं, आणि कोंबडा म्हणजे वर्गातला सगळ्यात बडबड्या पोरगा. फुगा बांबूच्या कामट्यांचा, वरून पिठाच्या पिशव्या शिवलेल्या. चार पोरं तो काठ्यांवर उचलून धरायची आणि मेंढा खाली बसून फुग्याचा दोर चघळायचा.

"हसा पोटभर," टीचर म्हणायची. "तिथे जमलेली माणसंही हसली असतील. पण मेंढा जिवंत खाली उतरला, तेव्हा सगळ्यांची बोलती बंद झाली. आता तसं गप्प होऊन दाखवा."

आणि पन्नास पोरं अशी गप्प व्हायची की समुद्राचा आवाज शाळेत यायचा.

अमोआकुर हे ताकोरादी बंदरापासून दोनेक तासांवरचं कोळ्यांचं गाव. तिथल्या मिशनच्या शाळेत अराबा तावियाह तेहतीस वर्षं शिकवत होती. नवरा रेल्वेत फिटर होता, लग्नानंतर नऊ वर्षांनी तापानं गेला. मूलबाळ झालं नाही. शरीरानं बारीक, कपाळ मोठं, डावखुरी, आणि जिभेला धार. फळ्यावर डाव्या हातानं लिहिते म्हणून एका साहेबानं तिला टोकलं होतं. "साहेब, अक्षर उजवं आहे ना, मग हात कुठला का असेना," असं म्हणून तिनं लिहिणं चालू ठेवलं.

नाटक सुरू झालं ते तिच्या पहिल्याच वर्षी, एका पोराच्या खवचट प्रश्नावरून. पुस्तकात 'माणूस उडायला शिकला' असा एक धडा होता, चित्र एक, आणि पन्नास पोरांत पुस्तकं सहा. टीचर धडा वाचत होती तर मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "टीचर, लाकूड आणि कापड उडेलच कसं? तुम्ही पाहिलंय का?" तिनं पाहिलं नव्हतं. विमान तिनं फक्त खालून पाहिलं होतं, आणि शेवटपर्यंत खालूनच पाहिलं. पुस्तक मिटून ती म्हणाली, "नाही पाहिलं. चला, करून बघू."

तेव्हापासून सहावीचा वर्ग दर जुलैत, शाळेच्या समारंभात, उडून दाखवायचा. आधी पंख बांधून मनोऱ्यावरून उडी टाकणारा म्हातारा, जो शेपूट लावायला विसरला आणि पाठ मोडून घेऊन बसला. मग मेंढ्याचा फुगा. मग सायकलचं दुकान चालवणारे दोघे अमेरिकन भाऊ. त्यांचं यंत्र पहिल्यांदा उडालं ते बारा सेकंद. पोरगं विमान धरून मैदानभर धावायचं आणि बाकीचे सगळे एका सुरात बारा आकडे मोजायचे. आणि सगळ्यात शेवटी ताकोरादीचा प्रवेश, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची विमानं बोटीतून खोक्यांत भरून ताकोरादीला यायची, धड एका खोक्यात, पंख दुसऱ्या. आसपासच्या गावांतले सुतार, कोळी, हमाल तिथे कामाला गेले. खोकी फोडली, भाग बाहेर काढले, मिस्त्र्यांच्या हाताखाली पंख जोडले. ती विमानं मग वाळवंट ओलांडून कैरोला जायची.

"माणूस उडायला शिकला तेव्हा तुमचे आजे तिथे होते," टीचर सांगायची. "त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, म्हणून आपण त्यांचं नाटक करायचं."

ते आजे परत आले तेव्हा त्यांनी विमान गावात आणलं. म्हणजे कंपनीत आणलं. आमच्याकडे माणूस जन्मतो तो आईच्या घराण्यात, आणि बापाच्या कंपनीत. ही कंपनी व्यापाऱ्यांची नव्हे. पूर्वी लढाईला जायच्या त्या टोळ्यांना आम्ही कंपनी म्हणतो. आता लढाया नाहीत, पण ढोल आहेत, झेंडे आहेत, आणि भांडायची खुमखुमी तर आहेच आहे. गावात दोन कंपन्या. पहिलीच्या झेंड्यावर जहाज, दुसरीच्या झेंड्यावर विमान. दुसऱ्या कंपनीनं आपल्या ठाण्यावर सिमेंटचं विमानसुद्धा बसवलं, पंखांखाली तोफा आणि सिंह. एकीचं चिन्ह दुसरीच्या माणसानं मिरवायचं नाही. एका सणाला पहिलीच्या तरुणांनी रुमालांवर विमानं काढून आणली, त्या संध्याकाळी दोन माणसं मेली. हे सगळं टीचरला पाठ होतं. म्हणून तेहतीस वर्षं तिच्या नाटकात फुगा पहिल्या कंपनीच्या पोरांकडे असायचा आणि विमान दुसरीच्या पोराकडे. कुणाला बोट दाखवायला जागाच नाही.

ती स्वतः मात्र कुठल्याच कंपनीत नव्हती.

तिची आई युद्धाच्या काळात ताकोरादीच्या विमानतळाच्या फाटकाशी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेले मासे विकायची. तिथून ती गावी परतली ती पोट घेऊन. आमच्यात मूल आठ दिवसांचं झालं की पहाटे बाप येतो, मुलाच्या जिभेवर पाण्याचा एक थेंब ठेवतो, दारूचा एक थेंब ठेवतो, सांगतो की पाण्याला पाणी म्हण आणि दारूला दारू म्हण, आणि आपलं नाव देतो. अराबाच्या आठव्या दिवशी अंगणात बायका पहाटेपासून बसल्या. सूर्य माडांच्या वर आला, तरी कुणी आलं नाही. शेवटी मामानंच पाणी ठेवलं आणि आपल्या घरातलं तावियाह हे नाव दिलं.

बाप कोण, हे गावाला ठाऊक होतं. क्वेकू अफुल, खोकी फोडायला गेलेल्यांतला एक, पुढे दुसऱ्या कंपनीचा सुपी, म्हणजे प्रमुख झाला. ठाण्यावरचं सिमेंटचं विमान त्यानंच बसवून घेतलं. मोठं कपाळ, डावखुरा हात. अराबा रस्त्यानं चालली की म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायच्या आणि मग पुढ्यात विकायला मांडलेल्या मिरच्यांकडे बघायच्या. आमच्या गावाला एखादी गोष्ट ठाऊक असते म्हणजे ती कुणीच बोलत नाही.

सणाच्या दिवशी पोरं बापाच्या मागे झेंड्याखाली चालायची आणि ती भिंतीला टेकून बघायची. "तू कुठल्या कंपनीची गं?" असं विचारणाऱ्या पोरी तेव्हाही होत्या. वय वाढलं तसं विचारणं थांबलं, पण दुखणं थांबलं नाही. माणूस गेला की त्याची कंपनी ढोल वाजवत येते, त्याला खांद्यावर घेते. ज्याला कंपनी नाही त्याला चर्चची घंटा, आणि घरची माणसं. मयत बघून आली की त्या रात्री टीचर जेवायची नाही. आपल्याला कोण उचलणार, एवढंच तिच्या डोक्यात असायचं.

म्हणून चार वर्षांपूर्वी तिनं जिन दारूची एक हिरवी बाटली आणून ट्रंकेत ठेवली. बापाचं नाव आणि कंपनी मागायची तर रीतीनं बाटली घेऊन त्याच्या घरी जायचं असतं. निवृत्त व्हायच्या आधी एकदा जायचं, असं तिनं ठरवलं होतं. दर सणानंतर ती म्हणायची, यंदा जाऊ. क्वेकू अफुल मरून अठरा वर्षं झाली होती. त्याचा मुलगा कोबिना अफुल आता सुपी होता, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. नाटकातला मेंढा दरवर्षी त्याच्याच गोठ्यातून यायचा. "टीचर, माझा मेंढा तुमच्यापेक्षा जास्त उडालाय," असं तो म्हणायचा, ती हसायची, आणि दोघंही आपापल्या वाटेनं जायची.

त्या वर्षी, एकोणीसशे नव्याण्णव साली, समारंभाला आठवडा उरला असताना विमान धरणारा पोरगा माडावरून पडला आणि हात प्लास्टरमध्ये घालून आला. दुसऱ्या कंपनीची बाकीची पोरं एक तर लहान होती, नाहीतर धावताना विमान छत्रीसारखं धरायची. वर्गात एकच पोर होती जिला सगळं येत होतं, कुठे वाकायचं, कितव्या आकड्याला नाक वर करायचं. सबिनाची एकुआ. सबिना मासे धुरीवर वाळवून विकायची. एकुआचा बाप उत्तरेकडचा ट्रक ड्रायव्हर, तोही आठव्या दिवशी आला नव्हता, आणि नंतरही नाही.

"विमान तू धरायचं," टीचर तिला म्हणाली.

"मी? टीचर, मी कुठल्याच कंपनीची नाही."

"म्हणूनच तर. तू कुणाचीच नाहीस, म्हणजे कुणाचा अपमान व्हायचा प्रश्नच नाही."

आपल्याला किती हुशारीचं सुचलंय, असं टीचरला तेव्हा वाटलं. आणि 'कुणाचीच नाहीस' हे शब्द त्या तोंडातून, सगळं आयुष्य ते सोसलेल्या तोंडातून, किती सहज गेले हे तिच्या ध्यानातही आलं नाही. गावातच जन्मलेल्या माणसानं करावी अशी ती चूक होती. परक्या माणसानं आधी कुणाला तरी विचारलं असतं.

रंगीत तालमीला वर्ग शाळेतून मैदानाकडे निघाला. फुगा पुढे, मेंढा मधे, एकुआ मागे विमान घेऊन. पांढऱ्या कापडाचे पंख, टीचरनं स्वतः शिवलेले. रस्ता दुसऱ्या कंपनीच्या ठाण्यावरूनच जातो. तिथे सावलीत माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. झेंडा सांभाळणारा फीफी उठून आडवा आला.

"ए पोरी, थांब. काय आहे ते हातात?"

"विमान."

"कुणाचं?"

"शाळेचं."

"शाळेला कधीपासून विमान झालं? तुझा बाप कुठल्या कंपनीचा?"

जाळ्यामागून एक म्हातारा खिदळला, "बापाचं काय विचारतोस रे? तो उडून गेला म्हणून तर पोरीला विमान दिलंय!"

सगळे हसले. त्यांच्यात वाईट माणसं नव्हती. दुपारी एकत्र बसलेले पुरुष हसतात तसे हसले. एकुआ रडली नाही. तिनं विमान पंख न दुमडता हळूच रस्त्यावर ठेवलं आणि घराकडे चालू लागली. टीचर पुढून धावत मागे आली तेव्हा फीफीनं विमान उचललं होतं.

"फीफी, तू माझ्याच वर्गात बारा आकडे मोजायला शिकलास. ते खाली ठेव."

"टीचर, तुमचा मान आहे. शिकवा, मारा, काही करा. पण आमची वस्तू असल्या हातात देऊ नका," फीफी म्हणाला. "उद्या चारला सुपी बसतील. तिथे बोला." आणि विमान त्यानं ठाण्यात नेलं.

संध्याकाळी सबिना टीचरच्या दारात आली. आत आली नाही. अंगाला धुराचा वास, हातावर खवले.

"टीचर, पोरीला नाटकातून काढा. शाळेतूनही काढते मी."

"सबिना, माझं ऐक."

"बारा वर्षं मी तिला त्या प्रश्नापासून लपवलं. सण आला की तिला घेऊन परगावी जायचे, का ते तुम्हाला तरी सांगायला नको. आणि तुम्ही तिला भर रस्त्यात उभं केलंत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या. तुम्हाला काय घालू?"

ती गेली. टीचर दारात उभीच राहिली. आपली लाज आपण झाकून ठेवली आणि दुसऱ्याच्या पोरीची उघड्यावर मांडली, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि ती दाराची कडी धरून रडली. रडून झाल्यावर विमानाचा दुसरा पंख शिवायला सुई हातात घेतली, मग आठवलं की विमान ठाण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी चारला ठाण्यासमोर सुपी कोबिना अफुल आपल्या चौरंगावर बसला. बाजूला तीन म्हातारे. त्यांतला सगळ्यात जुना नाना बोत्सियो (नाना ही आमच्याकडे मानाची हाक, सुपीलाही तीच), ज्याला दिसायचं कमी आणि आठवायचं जास्त. माणसं जमली होतीच. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

"टीचर," सुपी म्हणाला, "चूक झाली हे मान्य?"

"मान्य, नाना. चूक माझी, पोरीची नाही."

"मग रीतीप्रमाणे एक मेंढा आणि दोन बाटल्या."

"मेंढा तर तुमच्याच घरचा आहे, नाना. तोच परत घ्या."

हशा पिकला, सुपीसुद्धा हसला. तिथेच सगळं मिटलं असतं. पण टीचर बसली नाही.

"आणि विमान एकुआच धरणार," ती म्हणाली.

हसू विरलं. सुपीनं मान हलवली. "ते नाही जमायचं. तुम्ही शिकलेल्या बाई, तुम्हाला मी काय सांगू? हे विमान आमच्या बापांच्या घामाचं आहे. ज्याला बाप नाही त्याच्या हातात ते शोभत..." बोलता बोलता तो थांबला. समोर कोण उभं आहे हे त्याच्या आता लक्षात आलं. जमलेली सगळी माणसं खाली वाळूकडे बघू लागली.

"शोभत नाही," टीचरनं वाक्य पुरं केलं. "बिनबापाच्या पोराच्या हातात ते शोभत नाही. मग तेहतीस वर्षं ते शिवतंय कोण, नाना?"

एवढ्या वर्षांत तिनं एवढंच बोलून दाखवलं होतं, आणि एवढं पुरेसं होतं. नाना बोत्सियोनं काठी आपटली.

"कोबिना, आता तरी सांग. नाहीतर मी सांगतो. माझे दिवस थोडे राहिलेत." सुपीची वाट न बघता म्हाताराच तिच्याकडे वळला. "पोरी, तुझ्या बापानं मरताना आम्हा तिघांना आणि या कोबिनाला बसवून घेतलं होतं. म्हणाला, माझी एक लेक बाहेर राहिली आहे. ती मागायला आली तर तिची जागा तिला द्या. नाव द्या, कंपनी द्या. एकीची जागा. आम्ही हो म्हटलं."

"अठरा वर्षं झाली," टीचर म्हणाली. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"मागायला यावं लागतं," सुपी हळूच म्हणाला. "आमच्या बाजूनं जाऊन देता येत नाही. तुला रीत माहीत आहे. दर सणाला मी म्हणायचो, यंदा येईल. मेंढा न्यायला यायचीस, तेव्हाही वाटायचं आज बोलेल. मेंढा घेऊन जायचीस." पहिल्यांदाच तो तिला तू म्हणत होता.

"मला वाटायचं तुम्ही दार लावाल."

"दार उघडंच होतं, अराबा."

दोन घरांच्या मधे अडीचशे पावलं, आणि ती चालायला कुणालाच जमलं नाही. राग आला तिला, बापाचा, भावाचा, रीतीचा, स्वतःचा. पण रागाखाली आणखी काहीतरी होतं. बापानं मरताना आपली आठवण काढली होती. सत्तावन्न वर्षांच्या त्या बाईला तिथेच बसून लहान पोरीसारखं हुंदके द्यावेसे वाटले.

"जा, बाटली घेऊन ये," सुपी म्हणाला. "आत्ताच. आम्ही इथून हलत नाही."

ती घरी गेली. ट्रंकेतून बाटली काढली, नेसणीच्या टोकानं पुसली. परतताना वाट सबिनाच्या अंगणावरून. धुराच्या भट्टीशी एकुआ पाठमोरी बसून मासे उलटत होती. तिची धाकटी मामेभावंडं हात पसरून अंगणात पळत होती आणि मोजत होती, "एक, दोन, तीन, चार, पाच..." दर वेळी सातवर येऊन त्यांचं चुकायचं. एकुआला बारापर्यंत सगळं येत होतं. तिनं मान वर केली नाही. टीचर कुंपणाशी थोडी थांबली. मग सबिनाला म्हणाली, "पोरीला अंघोळ घाल आणि माझ्यामागून घेऊन ये."

ठाण्यासमोर माणसं आता दुप्पट झाली होती. नाना बोत्सियोनं रीतीचा प्रश्न विचारला, "ही बाटली कशासाठी?"

"लेकीच्या जागेसाठी."

"कुठल्या लेकीच्या?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं, म्हणून ते आधीच हसऱ्या तोंडानं बसले होते. फीफीनं ढोलावर हात ठेवला होता.

"एकुआच्या," टीचर म्हणाली. "सबिनाच्या एकुआच्या."

गलका झाला. नाना बोत्सियोनं दोनदा विचारलं, कारण त्याला वाटलं की आपल्याला कमी दिसतं तसं आता कमी ऐकूही येतं. सुपी चौरंगावरून उठला आणि तिच्याजवळ आला.

"अराबा, नीट ऐक. त्यानं एकीची जागा ठेवली. ती तुझी, हवी तर दुसरीला दे. ती भरली की भरली. मग तुला देता यायची नाही, मलाही नाही आणि माझ्यामागून कुणालाही नाही."

"कळतंय मला."

"तुझ्या मयताला आमचा ढोल वाजायचा नाही."

"ऐकायला मी थोडीच असणार, नाना."

"थट्टा करू नकोस!" तो ओरडला, आणि त्याचे डोळे भरले. "मीसुद्धा थांबलो होतो गं. मलाही बहीण हवी होती."

"मला जे कळायचं होतं ते आज कळलं," ती म्हणाली. "तिला अजून सगळं आयुष्य काढायचंय. तिला भिंतीला टेकून बघायला लावू नका."

सुपीनं तिच्या हातातून बाटली घेतली. मग त्यानं बाटलीचं सील मोडलं, जमिनीवर धार सोडली आणि बापाचं नाव घेतलं. सबिना पोरीला घेऊन आली होती. बारा वर्षांच्या मुलीच्या जिभेवर त्यानं पाण्याचा एक थेंब ठेवला, जिनचा एक थेंब ठेवला, सांगितलं की पाण्याला पाणी म्हण आणि दारूला दारू म्हण, आणि आपल्या घराचं नाव दिलं. जिनच्या चवीनं पोरीनं तोंड वाकडं केलं, आणि बायका हसल्या. मग ढोल वाजला.

लोक आता म्हणतात, टीचर देवमाणूस होती, तिला काही वाटलं नाही. असं म्हणणाऱ्यांनी तिला ओळखलंच नाही. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं विनाकारण तिघांना छड्या मारल्या. आपण काय देऊन बसलो, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि ते तिला दुखत होतं. आम्ही सगळे तिच्याच हाताखाली शिकलो; मी विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं, आणि वर म्हणाली असती, आता तुझं काम कर.

समारंभाला गाव लोटलं. दोन्ही कंपन्यांची माणसं, मधे नावापुरती वाट. म्हाताऱ्यानं उडी टाकली, मेंढ्यानं दोर चघळला, खोकी फुटली. एकुआ विमान घेऊन धावली तेव्हा पोरांबरोबर अख्खं मैदान मोजत होतं, आणि बारावर आल्यावरही कुणाला थांबावंसं वाटेना. मग शेवटी सगळे नट रांगेत उभे राहिले. एकेकानं पुढे यायचं, आपलं नाव सांगायचं, बापाचं आडनाव सांगायचं आणि कंपनी सांगायची. टीचर पडद्यामागे वही घेऊन उभी होती, कुणी वाक्य विसरलं तर सांगायला.

एकुआ पुढे आली. "एकुआ," ती म्हणाली, आणि अडली.

नाव चार दिवसांचं होतं. अजून जिभेला त्याची सवय नव्हती. तिनं ओठ उघडले, मिटले. पहिल्या रांगेत सुपी पुढे झुकला. मागे कुणीतरी हसायच्या बेतात होतं. पोरीनं, नाटकात विसरल्यावर सगळी पोरं बघतात तसं, पडद्याकडे बघितलं.

हे नाव टीचरनं उभ्या आयुष्यात कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. हजेरी घेतानासुद्धा त्या घरच्या पोरांना ती नुसत्या पहिल्या नावानं पुकारायची. तिनं वही छातीशी धरली.

"अफुल," ती पुटपुटली. पोरीला ऐकू गेलं नाही.

मग तिनं पडद्याच्या बाहेर पाऊल टाकलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "अफुल."

"एकुआ अफुल," पोरगी म्हणाली. "दुसरी कंपनी."

टीचर पडद्यामागे गेली आणि तिनं वहीत पुढच्या पोराचं नाव बघितलं.